अठ्ठावीस बंद

खळीच्या घरात मोबाइलला आवाज यायची जागा एकच होती: पाण्याच्या टाकीमागचा सिमेंटचा ओटा. डावा खांदा टाकीला टेकून, तोंड खिंडीकडे करून उभं राहिलं की पलीकडचा माणूस बोलायचा. एक पाऊल इकडेतिकडे झालं की गेला. तिच्या मोबाइलच्या कंपनीचा या खोऱ्यात जुनापुराणा टॉवर होता, फक्त आवाजापुरता. चित्रासाठी माडीवर दुसऱ्या कंपनीचं सिम घातलेला राउटर होता, आणि तो तर मुलखाचा लहरी. मेसेज कसेबसे जायचे, फोटो अर्ध्यावर लटकायचे, आणि व्हिडिओ कॉल म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. म्हणून दर रविवारी नवरा जीप काढायचा, दोघं खिंडीत जायची, आणि तिथे बॉनेटला टेकून खळी मोबाइलवरच व्हिडिओ लावून बाबांशी मनसोक्त बोलायची. राउटरचं काहीतरी करायला हवं, असं दर रविवारी परतताना ठरायचं आणि सोमवारी विरून जायचं.

आज रविवार नव्हता. नवरा जीप घेऊन डोंगरापलीकडच्या रोपवाटिकेत गेला होता, आणि पायी खिंड गाठायची तर जेवणवेळ टळून गेली असती. टाकीला खांदा टेकून खळी ऐकत होती, आणि पलीकडून सात तासांच्या वाटेवरच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई बोलत होत्या.

"तुमच्या वडिलांची दोन बोटं यंत्राच्या करवतीत गेलीत. उजव्या हाताची, तर्जनी आणि मधलं. वखारवाल्यांनी बर्फात घालून आणली, हे शहाणपण केलं. आता रस्ते दोन. एक, बोटं परत जोडायची. बारीक काम असतं, सात-आठ तासांची पूर्ण भूल, आणि त्यांचं हृदय काही ठणठणीत नाही. टेबलावर काही होणारच नाही असं मी लिहून देणार नाही. दुसरा, बोटं सोडायची आणि जखम नीट शिवून टाकायची. तासाभराचं काम, धोका नाही."

"बाबांना विचारलंत?"

"कसं विचारू? खुणांची भाषा येणाऱ्या बाई आमच्याकडे आहेत, त्यांनी बिचाऱ्यांनी सगळं करून बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी. तुमचे वडील त्यांच्याकडे बघून नुसते हसतात. वाचता येत नाही म्हणे."

"बाबा शाळेत गेलेच नाहीत. ती शाळेतली भाषा आहे."

"मग तुम्ही सांगा ना. तुम्ही मुलगी आहात. जोडायची की सोडायची?"

बाबा जन्मापासून बहिरे, धंद्याने सुतार. त्यांची भाषा त्यांनी आणि आईने लग्नाच्या पहिल्या वर्षी स्वयंपाकघरात बसून घडवली होती, आणि खळीने जन्मल्यावर तिच्यात भर घातली होती. आई गेल्यापासून ती भाषा येणारी माणसं जगात दोनच उरली होती. तीत आईचं नाव म्हणजे ओठाखालच्या तिळाच्या जागी टेकवलेली तर्जनी. खळीचं नाव म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट, जोडीने, गालावर. त्यावरून शेजारीपाजारीही तिला खळी म्हणू लागले आणि कागदावरचं नाव कागदावरच राहिलं. ऐकू येणाऱ्या समस्त जनतेलाही बाबांनी एक नाव दिलं होतं: कानवाले. कानाची पाळी चिमटीत धरून ओढायची आणि डोळे आभाळाकडे फिरवायचे. हे नाव काही कौतुकाने ठेवलेलं नव्हतं.

करवतीने नेमकी तीच दोन बोटं नेली होती. खळीला रडायचं होतं, पण त्याला आत्ता सवड नव्हती.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "बाबाच सांगतील. मला व्हिडिओवर द्या त्यांना."

"द्यायला काय, सिस्टर टॅब्लेट घेऊन उभ्याच आहेत. पण तुमच्याकडून जमायला हवं ना? मघाशी दोनदा लावला, चित्रच आलं नाही. हे बघा, बोटं टिकण्याला मर्यादा असते, आणि ऑपरेशनची खोली मी दुपारपर्यंतच अडवून ठेवू शकते. तोवर काय ते करा."

बाबांचं लहानपणापासून सगळं कानवाल्यांनीच ठरवलं होतं. शाळेत घालायचं नाही हे आजोबांनी ठरवलं, सुतारकाम शिकायचं हे चुलत्याने, घर कुठे घ्यायचं हे मामांनी. प्रत्येक वेळी माणसं बाबांच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायची आणि शेवटी त्यांच्या पाठीवर थाप मारायची. त्या थापेचा अर्थ काय, हे बाबांना पुढे महिनाभराने कळायचं. दोन बोटांच्या बाबतीत तरी तसं व्हायला नको होतं. शुद्धीवर आल्यावर पट्टी सोडून बघायचं आणि मग समजायचं, हे खळी होऊ देणार नव्हती.

तिने धाकट्या दिराला फोन लावला. हे भाऊजी मोबाइल टॉवरवर चढून दुरुस्त्या करायचे. अर्धा दिवस कमरेच्या पट्ट्याला लटकलेले असत. नशिबाने फोन उचलला, पण मागे वारा असा घोंगावत होता की जणू तोच बोलायला आला होता.

"वहिनी, मी वर आहे! मोठ्याने बोला!"

तिने थोडक्यात, ओरडून सांगितलं. भाऊजी लगेच कामाचं बोलू लागले. "राउटरच्या पाठीवर लेबल असेल. बारीक आकड्यांची रांग असेल. त्यात अठ्ठावीस आहे का ते बघून या. नसेल तर सगळं मुसळ केरात. पळा!"

खळीने मोबाइल ओट्यावरच ठेवला, कारण उचलला तर कॉल तुटला असता, आणि ती धावली. स्वयंपाकघर, जिना, माडी. राउटर उलटा केला. एक, तीन, पाच, आठ, वीस... आणि अगदी शेवटी, लेबलाच्या दुमडलेल्या कोपऱ्यात, अठ्ठावीस. ती तशीच धावत खाली आली.

"आहे! भाऊजी, अठ्ठावीस आहे!"

पलीकडे वाऱ्याने अर्धं वाक्य खाल्लं. तिच्या वाट्याला आलं ते एवढंच: "...सेटिंगमध्ये चौकोन असतील... अठ्ठावीस बंद ठेवा... खूण काढा... मग राउटर एकदा बंद करून चालू..." आणि कॉल तुटला.

अर्थ सरळ होता. अठ्ठावीस आहे का बघा, म्हणाले. आहे म्हटल्यावर बंद ठेवा, म्हणाले. म्हणजे दुखणं तेच. लॅपटॉपवर राउटरचं पान उघडून खळीने ते चौकोन शोधले. प्रत्येकापुढे एक आकडा, प्रत्येकात एक बरोबरची खूण. अठ्ठावीसची खूण तिने काढली, जतन केलं, राउटर बंद करून चालू केला. दिवे लाल झाले, पिवळे झाले, आणि चक्क हिरवे झाले. तिने लॅपटॉपवरूनच व्हिडिओ कॉल लावला.

आणि बाबा दिसले.

इस्पितळाचा निळा अंगरखा, भुवयांत अजून भुसा, उजवा हात पांढऱ्या बोळ्यासारखा गुंडाळलेला. तिला बघताच चेहरा उजळला. डावा हात वर आला, तळवा आभाळाकडे, बोटं पसरलेली. आणि तिथेच थिजला. मग बाबांचे चौकोन झाले, चौकोनांचे तुकडे झाले, आणि पडद्यावर एक गोल फिरू लागला.

एकदा दिसलं म्हणजे दिसतं, या आशेने माणूस काय काय करतो! खळीने राउटर खिडकीत ठेवला. मग कपाटावर. मग लांब वायर ओढून गच्चीच्या कठड्यावर, आणि शेवटी उलट्या बादलीवर ठेवलेल्या स्टुलावर. दर वेळी हिरवा दिवा आशा दाखवायचा, दर वेळी बाबांचा अर्धा कान किंवा एक डोळा यायचा आणि गोल फिरायला लागायचा. त्या डबड्यापुढे तिने हात जोडायचे तेवढे राहिले होते. ऊन चढत होतं आणि कठड्याची सावली आखडत चालली होती.

खाली ओट्यावर मोबाइल वाजला. ती जिन्यावरून पडता पडता वाचली.

"आता नाही हो थांबता येणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, उलट कीव होती, आणि ती जास्त वाईट. "भूल देणारे डॉक्टर तयार होऊन उभे आहेत. मुलीचा शब्द आम्हाला पुरेसा आहे. बोला."

खळीला काय वाटत होतं ते तिला पक्कं माहीत होतं. जोडा. काहीही करून जोडा. ती नुसती बोटं नव्हती, त्यांत तिची आई होती, ती स्वतः होती, बाबांचे अर्धे शब्द होते. शब्द गेलेला बाप तिला नको होता.

"जो..." ती म्हणाली आणि थबकली.

बाबांचा थिजलेला डावा हात तिच्या डोळ्यांपुढे आला. तळवा वर, बोटं पसरलेली. त्यांच्या भाषेत ते 'काय?' होतं. काय चाललंय? काय ठरलं? आयुष्यभर ते हेच विचारत आले होते, आणि आज त्यांच्या डोक्यावरून बोलणारी कानवाली ती स्वतः होती.

"काय म्हणालात? जोडा?"

"नाही! काहीच म्हणाले नाही मी. दहा मिनिटं द्या. पाया पडते तुमच्या."

सुस्कारा ऐकू आला. "दहा. त्यानंतर मी माझ्या बुद्धीने करीन."

तिने भाऊजींना लावलं. वाजत राहिलं. पुन्हा लावलं. पुन्हा वाजत राहिलं. तिसऱ्यांदा उचललं, आणि या वेळी वारा जरा पडलेला होता.

"झालं का वहिनी? लागला का?"

"नाही हो! येतं आणि जातं. तुम्ही म्हणालात तसंच केलंय सगळं."

"मग यायलाच पाहिजे. तुमच्या खोऱ्यात तेवढंच पोचतं. बाकीचे खिंडीवरून नुसते डोकावतात. त्याच्यावरच राहायचं, दुसऱ्या कशावर जाऊच द्यायचं नाही त्याला."

"त्याच्यावर म्हणजे?"

"अठ्ठावीसवर!"

खळीची एक सवय होती. बहिऱ्या माणसांच्या घरात वाढलेल्या मुलांना ती असतेच: तोंडाने बोलताना हात आपोआप बोलायचे. 'पण मी तर अठ्ठावीस बंद ठेवलंय' असं म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि तोंडाआधी हाताने पाच बोटं मिटून मूठ केली. बंद. ती आपल्याच मुठीकडे बघत राहिली. मिटलेल्या मुठीत कोण कसं राहणार?

"भाऊजी," ती सावकाश म्हणाली, "तुम्ही मला काय ठेवायला सांगितलंत? बंद?"

"हो, बँड!"

"बंद म्हणजे दार बंद असतं ते?"

"अहो बंद नाही! बँड! वाजवतात तो बँड! अठ्ठावीस बँड, म्हणजे त्या आकड्याचा लहरींचा पट्टा, तेवढा ठेवा, बाकीच्या सगळ्या खुणा काढा!" मग त्यांच्याही डोक्यात उजेड पडला. "अरे देवा. तुम्ही अठ्ठावीसच बंद केलंत? तो एकच तर डोंगराला वळसा घालून तुमच्यापर्यंत येतो. जाडा, खालच्या पट्टीतला. बाकीचे वरच्या पट्टीतले, डोंगराला आपटून परत जातात."

'ध'चा 'मा' झाला होता. वाऱ्याने एका अक्षरावर फुंकर घातली होती आणि खळीने घरात येणारी एकमेव वाट आपल्या हाताने बंद करून वर तासभर त्या डबड्याला गच्चीभर फिरवलं होतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं, पण हात मोकळे ठेवणं गरजेचं होतं. ती धावली.

सगळ्या खुणा काढल्या. एक अठ्ठावीसची ठेवली. जतन. बंद. चालू. आणि पुन्हा एकदा वाचून बघितलं, कारण आता तिचा स्वतःवरही भरवसा उरला नव्हता.

लाल दिवा.

लालच.

पडद्यावर अक्षरं आली: नेटवर्क शोधत आहे. खळी स्टुलासमोर गुडघ्यांवर बसली होती. अठ्ठावीस लेबलावर आहे, पण आत असेलच कशावरून? लेबलावर काय वाट्टेल ते छापतात. आधीचं निदान अर्धा कान तरी दाखवत होतं, तेही घालवून बसलो, म्हणजे आगीतून फुफाट्यात, असं तिला वाटलं. आत्ता तिकडे बाबांना आडवं करत असतील. कोणीतरी पाठीवर थाप मारत असेल.

दिवा पिवळा झाला. मग हिरवा. सिग्नलची एकच कांडी, तीही बारकी. मघाशी दोन कांड्या असायच्या. तिने आशा सोडून कॉल लावला.

बाबा दिसले. हलले. हलत राहिले.

टॅब्लेट धरणाऱ्या सिस्टर मागून "आलं, आलं!" म्हणाल्या. बाबा इस्पितळाच्या चाकांच्या गाडीवर आडवे होते, टेकू देऊन डोकं उचललेलं. डावा हात लगेच वर आला: काय? कुठे होतीस?

कानाने चुकीचं ऐकलं, खळी हातांनी म्हणाली. म्हणून उशीर.

बाबांनी तिच्याकडे बघितलं, डाव्या हाताने कानाची पाळी धरून ओढली आणि डोळे छताकडे फिरवले. मग इतके हसले की गाडी हलली. सिस्टरही हसल्या, कशाला, ते त्यांना ठाऊक नव्हतं. खळीही हसली आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. ते तिने खांद्याला पुसले, कारण हात कामात होते.

तिने सांगितलं. ही दोन बोटं, तुटली. बाबांनी मान हलवली. ते त्यांना माहीत होतं. बर्फात आहेत. शिवता येतात. इथे बाबांच्या भुवया वर गेल्या; हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पण लांब झोप. सूर्य बुडेपर्यंत. आणि छातीतला हातोडा, तिने छातीवर मूठ ठोकत ठोकत मंद केली आणि थांबवली, झोपेत थांबला तर थांबला. नाहीतर थोडी झोप. बोटं जातील. हातोडा चालू राहील.

बाबा बराच वेळ गुंडाळलेल्या हाताकडे बघत राहिले. मग विचारलं: तू काय म्हणतेस?

त्या घरात 'गप्प बसणं' म्हणजे खरोखर हातांवर बसणं. खळीने दोन्ही तळवे मांड्यांखाली घातले आणि वर सगळा भार टाकला. 'जोडा' हा शब्द बोटांच्या टोकांशी येऊन ठणकत होता. तिने फक्त मान हलवली. तुमचं तुम्ही.

पडद्याच्या कडेला डॉक्टरीणबाई घड्याळ बघत होत्या. बाबांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी डावा हात समोर धरला आणि नव्या कामगाराची पारख करावी तसा उलटसुलट बघितला. मग त्याची तर्जनी सावकाश वर नेली आणि ओठाखाली, तिळाच्या जागी टेकवली. टेकली ती जरा बाजूला. त्यांनी सरकवून नीट केली. आणि खळीकडे बघितलं: कळलं?

आई. खळीने मान हलवली. कळलं.

मग रंधा. कळला. मग पाणी, पण डाव्या हाताने ते चक्क म्हैस झालं. खळीने नाक मुरडलं. बाबांनी स्वतःच्या हाताला डोळे वटारले आणि पुन्हा केलं. या वेळी पाणी झालं.

मग दोन बोटं, तर्जनी आणि मधलं, जोडीने, डाव्या गालावर. ती आधी फाकली. बाबांनी ती ओठांत धरून जुळवली आणि पुन्हा गालाला लावली. कळलं?

खळीला पडदा धूसर दिसत होता, आणि दोष राउटरचा नव्हता. तिने जोरजोरात मान हलवली.

झालं तर मग, बाबा म्हणाले. डावा तळवा त्यांनी पांढऱ्या बोळ्यावरून करवतीसारखा एकदा फिरवला. जाऊ देत. मी झोपून राहिलो तर या गाढवाला शिकवणार कोण? आणि डावा हात हलवून गाढव कोणतं ते दाखवलं.

"काय म्हणाले?" डॉक्टरीणबाई पुढे झाल्या.

खळीच्या हातांनी उत्तर दिलं होतं, ते अर्थातच त्यांना कळलं नव्हतं. मग तिने आवाज शोधला. "सोडायची म्हणाले. बोटं सोडायची."

"ठीक."

"ठीक नाही! काय ऐकलंत ते म्हणून दाखवा मला."

"अहो..."

"'सो' म्हणाले मी. 'जो' नाही. स सशातला. ज जहाजातला नाही. एका अक्षराने आज माझा जीव घेतलाय, तुम्ही म्हणून दाखवा."

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग त्या शाळेत उभ्या केल्यासारख्या स्पष्ट म्हणाल्या, "स सशातला. सोडायची. जोडायची नाहीत." कानवाल्यांच्या ओठांची ही हालचाल बाबा शांतपणे बघत होते.

गाडी हलली. सिस्टर टॅब्लेट धरून शेजारून चालू लागल्या. खळीला बाबांचं नाव घ्यायचं होतं: तळवा उताणा, अंगठा रंध्यासारखा त्यावरून पुढे. उजवा अंगठा निघाला आणि तिने तो मागे घेतला. डाव्याने करून बघितलं. अंगठा भलतीकडेच घसरला.

बाबांनी गाडीवरूनच मान हलवली. असं नाही. नीट. पुन्हा.

तिने पुन्हा केलं. ऑपरेशनच्या खोलीचं दार मिटेपर्यंत ती ते करत राहिली.